घासलेली बंदूक

"हे कोणी केलं?"

पॉपचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ग्लेंडाच्या काळजात धस्स झालं. सासरे ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणारे पॉप तिला पंचवीस वर्षं ठाऊक होते, दोन मिनिटांत थंड व्हायचे आणि मग काही झालंच नाही अशा थाटात कॉफी मागायचे. पण आज एक्याऐंशी वर्षांचे एल्वूड क्रायडर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही तळवे टेकून, मान खाली घालून उभे होते, आणि त्यांच्यासमोर हिरव्या कापडावर ती लांब नळीची जुनी बंदूक पडली होती... लखलखीत! नळी आरशासारखी पांढरी, आणि दस्त्यावरचं पितळ कालच दुकानातून आणल्यासारखं पिवळंधमक.

बंदुकांतलं काही न कळणारा माणूस म्हणाला असता, वा, काय छान साफ केलीय. पण टस्करोरा डोंगराच्या या खोऱ्यात जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या घरी असं कोणी बोलू धजणार नाही. दोनशे वर्षांपूर्वी इथल्याच एका कारागिराने मेपलच्या लाकडात बसवलेली ती नळी, तिच्यावर सात पिढ्यांच्या हातांनी, धुराने आणि दमट हवेने चढलेला तपकिरी रंग... तो रंग म्हणजेच त्या बंदुकीचा जीव. एकदा खरवडला की गेला, देवाच्या बापालाही परत आणता येत नाही. तेलाचं फडकं फिरवा आणि हात मागे घ्या, हा पॉपनी चाळीस वर्षं प्रत्येक नवशिक्याला दिलेला पहिला धडा होता.

पॉपचा जुना दोस्त मर्विन टोपी हातात घेऊन खिडकीशी उभा होता. दोन आठवड्यांनी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये भरणाऱ्या जुन्या बंदुकांच्या मेळ्याची बोलणी करायला तो आला होता. दरवाजाजवळचं पहिलं टेबल दरवर्षी पॉपचं, आणि त्या टेबलावर मधोमध दरवर्षी हीच बंदूक. पॉपची मुलगी जोलीन पिट्सबर्गहून शनिवार-रविवारसाठी आली होती. तिच्या हातातला टोस्ट हातातच राहिला होता.

"मी विचारतोय, कोणी केलं?" पॉपनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग होता, पण रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं, आणि ते फक्त ग्लेंडाला दिसलं. ती भीती होती.

"मी केलं," ग्लेंडा म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं, इतक्या सहज ते शब्द तोंडातून बाहेर पडले.

"तू?" पॉपना खरंच वाटेना. "तू केलंस?"

"मेळ्याला न्यायची म्हणून... जरा स्वच्छ दिसावी म्हणून. चुकलं माझं, पॉप."

"चुकलं?" जोलीनने टोस्ट बशीत आपटला. "पंचवीस वर्षं या घरात राहून तुला एवढं माहीत नाही? मी दहा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे, ग्लेंडा. डॅडी, मी सांगू का, हिने मुद्दाम केलंय. गेलं वर्षभर ही तुझ्यामागे भुणभुण लावतेय की नाही, विका, कमी करा, नवीन घेऊ नका?"

"मुद्दाम कशाला करेल ती," मर्विन पुटपुटला, पण त्याच्या पुटपुटण्यात फारसा दम नव्हता.

पॉप काही क्षण सुनेकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "कर्टिसने तुला या घरात आणलं. तो गेला तरी मी तुला कधी परकी मानली नाही. चूक माझीच. रक्ताचं माणूस असतं तर त्याचा हातच धजला नसता."

ते शब्द ग्लेंडाच्या जिव्हारी लागले. ती सिंककडे वळली, नळ सोडला आणि आधीच धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली, कारण तोंड लपवायला त्या स्वयंपाकघरात दुसरी जागा नव्हती.

खरं काय घडलं होतं ते तिला आणि बंदुका ठेवलेल्या तळघरातल्या भिंतींनाच ठाऊक होतं. गुरुवारी शाळेच्या कँटीनमधलं काम आटोपून ती घरी आली तेव्हा जिन्यापर्यंत पितळ घासायच्या पेस्टचा उग्र दर्प आला होता. खाली पॉप कामाच्या बाकाशेजारच्या खुर्चीत गाढ झोपले होते. मांडीवर ती बंदूक, उजव्या मुठीत तारेची घासणी, बोटं काळीकुट्ट आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान. तिने ओल्या फडक्याने त्यांची बोटं एकेक करून पुसली, घासणी टाकून दिली, बंदूक तिजोरीत ठेवली, आणि संध्याकाळी जेवताना पॉपनी मेळ्याच्या गप्पा मारल्या तेव्हा तिला कळलं की त्यांना यातलं काही म्हणजे काहीच स्मरत नाही.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. गेल्या थंडीपासून असे प्रसंग घडत होते. एकदा ते पोस्टात गेले आणि घरचा रस्ता चुकून डोंगराच्या पलीकडे पोचले. एकदा त्यांनी तिला त्यांच्या मेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारली. तेव्हापासून काडतुसांच्या कपाटाची किल्ली ग्लेंडाने स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत अडकवली होती आणि "हरवली" म्हणून सांगितलं होतं. त्याबद्दलही तिने बोलणी खाल्ली होतीच. पण जोलीनला सांगायचं तरी कसं? आठवड्याभरात ती बापाला शहरातल्या एखाद्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवील, तिच्या परीने मायेनेच ठेवील, आणि हा डोंगराचा माणूस तिथे महिनाभरही तगणार नाही. म्हणून ग्लेंडा मूग गिळून बसली. बंदुका थोड्या थोड्या विकायला लावाव्यात, ओझं कमी करावं, घरातली जोखीम कमी करावी, एवढंच ती सुचवत राहिली. पण पॉपचं उलटंच चाललं होतं. या एका वर्षात त्यांनी चार नव्या घेतल्या होत्या, तळघरात एकूण बासष्ट झाल्या होत्या.

"आपल्या वयात घ्यायच्या नसतात रे, एल्वूड, सोडायच्या असतात," मर्विन त्या शनिवारी जाताना दारात म्हणाला. त्याने स्वतः मागच्या वर्षी एक सोडून सगळ्या विकल्या होत्या. "खरं सांगतो, शेवटची गेली त्या दिवशी दुपारी मी असा झोपलो की बायकोने आरसा आणून नाकापुढे धरला."

"तू म्हातारा झालास," पॉप म्हणाले.

"आणि तू कोण, शाळकरी पोरगा?"

"मी उद्या बॉयरबाईंकडे जातोय. तिच्या नवऱ्याची ती बंदूक घ्यायला. याच कारागिराची दुसरी. तीस वर्षं वाट बघतोय मी."

"घे ना, डॅडी," जोलीन म्हणाली. "ही एक तर गेलीच. या वयात तुला आनंद कशात आहे ते मला कळतं." आणि तिने नणंदेच्या ठसक्यात ग्लेंडाकडे बघितलं.

रविवारी बापलेक जाऊन ती बंदूक घेऊन आले. पॉपनी ती ग्लेंडाला दाखवली नाही. तळघराच्या दाराला नवं कुलूप लागलं आणि त्यांनी ठणकावून सांगितलं, "यापुढे खाली पाय ठेवायचा नाही."

पुढचे दहा दिवस ग्लेंडाने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक! खोऱ्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. किराणा दुकानात गल्ल्यावरचा म्हातारा नेहमी तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा, त्याने नुसती पिशवी पुढे सरकवली. चर्चमध्ये मागच्या बाकावरून कुजबूज ऐकू आली, "हीच ती, क्रायडरची सून, घासणीवाली." तिला हसूही आलं आणि रडूही. पंधरा वर्षांपूर्वी शाळेची बस चालवणाऱ्या एका भल्या माणसाने तिला लग्नाचं विचारलं होतं, ईरी शहरात नवं घर मांडू म्हणाला होता, आणि तिने नकार दिला होता. ज्या म्हाताऱ्याला साधं अंडं उकडता येत नाही, ज्याने तरण्याताठ्या मुलाला खांदा दिला, त्याला सोडून जायला तिचं मन धजलं नव्हतं. त्या त्यागाचा तिने कधी उच्चार केला नव्हता. पण आता रोज संध्याकाळी पॉप तिच्याशी अवाक्षर न बोलता सूप प्यायचे, बशी सिंकमध्ये ठेवून निघून जायचे, आणि तिच्या मनात यायचं... खरं सांगून टाकावं का? एका वाक्याचं तर काम आहे. पण ते एक वाक्य त्या माणसाचं सगळं आयुष्य हिरावून घेणारं होतं. ज्याने चाळीस वर्षं लोकांना "हात मागे घ्या" म्हणून शिकवलं, त्याला कसं सांगायचं की हात तुमचाच होता?

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो त्या कुलपामुळे. आता खाली काय चाललंय ते बघायची तिला सोय उरली नव्हती.

मेळ्याच्या आधीच्या बुधवारी सकाळपासून बर्फ पडू लागलं आणि शाळा अकरालाच सोडली. ग्लेंडा घरी आली, बूट काढायला वाकली आणि तशीच थांबली. तोच दर्प! तळघराचं दार उघडं होतं, कुलूप कडीला नुसतंच लोंबत होतं.

मनाई आठवायलाही तिला सवड नव्हती. ती पायमोज्यांनीच जिना उतरली.

पॉप बाकाशी वाकून बसले होते. समोर बॉयरबाईंकडची बंदूक, तीस वर्षं वाट पाहिलेली. त्यांचा हात एकसारखा पुढे-मागे होत होता, आणि दस्त्यावरच्या पितळी झाकणाचा बोटभर कोपरा पिवळा चमकू लागला होता. नळीला अजून हात लागला नव्हता.

"पॉप," ती हळूच म्हणाली.

त्यांनी मान वळवली नाही. "झालंच. झालंच आता. पप्पा यायच्या आत झाली पाहिजे." आवाज त्यांचाच होता, पण बोलणं बारा वर्षांच्या मुलाचं. "सोमवारी हरणांची शिकार सुरू होते. गंज दिसला तर मारतील."

ग्लेंडाला हुंदका आवरेना. म्हणजे हे होतं तर! कठोर बापाच्या धाकाने, शिकारीच्या आदल्या दिवशी शेतावरची बंदूक घासून लख्ख करणारा एक भेदरलेला पोरगा... सत्तर वर्षं तो या म्हाताऱ्याच्या आत तसाच बसून राहिला होता. तिने शेजारी बसून त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"पप्पा मारणार नाहीत," ती म्हणाली. "छान झालीय. आता पुरे."

"खरंच?"

"खरंच."

हात थांबला. मग पॉपनी मुठीतल्या घासणीकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, त्या पिवळ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि ग्लेंडाला दिसलं की ते परत आले आहेत. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"हे मी करत होतो?"

तिने त्यांच्या मनगटावरचा हात काढला नाही.

"ग्लेंडा. ती पहिलीसुद्धा..." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ती पहिलीसुद्धा मीच?"

तिने होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी तिने आता पुसलंही नाही.

"मग तू का म्हणालीस तसं? सगळ्यांसमोर? मी तुला काय काय बोललो... रक्ताचं माणूस म्हणालो..."

"मला बोललात ते मी सोसलं, पॉप. तुम्हाला हे कळलं असतं तर ते तुम्हाला सोसलं नसतं. आणि जोलीन तुम्हाला घेऊन गेली असती."

पॉपनी घासणी बाजूला ठेवली. ते ढसाढसा रडले नाहीत, त्यांच्या पिढीच्या पुरुषांना ते जमत नाही. पण खांदे गदगदत राहिले आणि सुनेचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. पेस्टने काळवंडलेल्या त्या बोटांनी तिचा हातही काळा झाला. मग ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"डोक्यातून काहीतरी निसटतंय हे. गेल्या डिसेंबरापासून. ही घासणी नव्हती ठाऊक, शपथ. पण बाकीचं... तुझ्या गळ्यातली ती किल्लीसुद्धा. बटण उघडं होतं एकदा, साखळीत दिसली."

"आणि तरी माझ्यावर ओरडलात, किल्ली हरवली म्हणून?"

"ओरडलो नसतो तर तुला संशय आला असता ना." ते ओशाळं हसले. "पण दुसरी किल्ली करून मागितली का कधी? ती तुझ्याकडे असलेलीच बरी, असं वाटलं मला."

वर्षभर दोघं एकाच छपराखाली, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटे आहोत.

"मग नवीन कशाला घेत होतात?" तिने विचारलं. "पाच-पाच?"

"विकायला काढल्या असत्या तर सगळ्यांनी विचारलं असतं, एल्वूडला काय झालं. घेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. घेणाऱ्याला लोक धडधाकट समजतात. आणि एक नवीन आणली की तिची सगळी माहिती पाठ करायची, कारागीर कोण, साल कुठलं, आधी कोणाकडे होती. पाठ झाली की वाटायचं, अजून आहे मी शाबूत." त्यांनी भिंतीवरच्या रांगेकडे पाहिलं. "खूप दमलोय गं मी, पोरी. त्रेसष्ट... मला एकेकीची भीती वाटायला लागलीय."

"कमी करूया?"

"करूया," पॉप म्हणाले, आणि जड पोतं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा त्यांनी श्वास सोडला.

गुरुवारी मर्विन येऊन काडतुसं आणि बारूद आपल्या घरी घेऊन गेला. एकही प्रश्न न विचारता. शुक्रवारी जोलीन आली तेव्हा पॉपनी तिला समोर बसवलं आणि स्वतः सगळं सांगितलं. ती आधी बापावर चिडली, मग ग्लेंडावर, "मला सांगायचं नाही का एवढं?" आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडू लागली. ग्लेंडाने तिच्या पाठीवर हात फिरवला. हा हात आपण झिडकारायला हवा होता असं जोलीनला वाटलं असावं, पण तिने तो झिडकारला नाही.

"तू डॅडीला मला नेऊ देशील?" तिने रडतच विचारलं.

"उन्हाळ्यात महिनाभर ने. बाकी ते इथेच बरे."

"महिनाभर म्हणजे पुरता महिना हं," जोलीन नाक पुसत म्हणाली. "मी काही उगाच भांडले नाही, मला काही माहीतच नव्हतं. मला माफ कर, ग्लेंडा."

"मी काही सामान नाही, माझी वाटणी करायला," पॉप म्हणाले, आणि तिघंही हसली.

पण ग्लेंडाच्या मनात मेळ्याची धास्ती होती. तिने सुचवून पाहिलं, यंदा आपण जाऊच नये. पॉप म्हणाले, "जायचं. तूही यायचंस."

शनिवारी बंबवाल्यांचा हॉल गच्च भरला होता. सूपच्या मोठ्या भांड्यांवर वाफा होत्या, बायका पायचे तुकडे कापत होत्या, आणि लांब टेबलांवर जुन्या बंदुका मांडून म्हातारे नेहमीसारखे एकमेकांच्या बंदुकांना नावं ठेवत होते. ग्लेंडा आत आली तशी आसपासची बोलणी थबकली. दरवाजाजवळच्या पहिल्या टेबलावर पॉपनी मधोमध ती लखलखीत, बरबाद झालेली बंदूक ठेवली आणि भोवती तळघरातून आणलेल्या इतर बंदुका मांडल्या. लोक टेबलाजवळ येत आणि नजर चुकवत पुढे सरकत.

मग पॉपनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला आणि उभे राहिले.

"ऐका रे जरा," ते म्हणाले. फार मोठ्याने नाही, पण त्या हॉलमध्ये एल्वूड क्रायडर बोलू लागले की लोक ऐकतात. "या बंदुकीबद्दल खोऱ्यात चर्चा चाललीय, ती माझ्याही कानावर आलीय. ही माझ्या सुनेने घासलेली नाही. ही मी घासली. माझ्या हातांनी. मला हल्ली कधी कधी भान राहत नाही, डॉक्टरकडे मंगळवारी जायचंय. माझी लाज झाकायला हिने दोष स्वतःवर घेतला, आणि मी... मी हिला घालूनपाडून बोललो. तुम्हीही बोललात. मी माझ्यापुरती माफी मागितलीय, तुमचं तुम्ही बघा."

ग्लेंडाला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात सूपच्या टेबलामागून किराणा दुकानाच्या म्हाताऱ्याची बायको आली, तिच्या हातात एक वाडगा दिला, "बस गं, खाऊन घे," म्हणाली आणि पदर नसला तरी पदराने पुसावेत तसे एप्रनच्या टोकाने स्वतःचे डोळे टिपून परत गेली. मागोमाग तिचा नवरा आला, टोपी काढली आणि काय बोलावं ते न सुचून हवामानाबद्दल बोलू लागला. ग्लेंडाने अगदी मन लावून त्याचं ऐकलं.

"आणि दुसरी गोष्ट," पॉप पुन्हा म्हणाले, "त्रेसष्टातल्या पंचावन्न जाणार आहेत. भिंतीवर टांगून मिरवणाऱ्याला देणार नाही. सांभाळणाऱ्याला देणार. ज्यांना हव्यात त्यांनी इकडे या."

मग मर्विनने खुर्ची ओढून पॉपच्या शेजारी ठेवली, आणि टेबलाभोवती ही गर्दी झाली! दुपारपर्यंत ग्लेंडा पॉपच्या शेजारी बसून नावं लिहून घेत होती, जोलीन बंदुका फडक्यात गुंडाळत होती, आणि प्रत्येक बंदूक देताना पॉप तेच सांगत होते, तेलाचं फडकं फिरवा आणि हात मागे घ्या. शेवटी एक चाळिशीचा शेतकरी पुढे आला. त्याने एका छोट्या नळीच्या बंदुकीकडे बोट दाखवून विचारलं की ही कोणत्या कारागिराची आणि आधी कोणाकडे होती.

पॉपनी ती हातात घेतली. वळवून पाहिली. कपाळाला आठ्या पडल्या, आणि ग्लेंडाने लिहिणं थांबवलं. गेल्या वर्षभरात असा प्रश्न आला की ते काहीतरी ठोकून द्यायचे, चिडायचे, विषय बदलायचे, नाहीतर उठून निघून जायचे.

"मला आठवत नाही," पॉप म्हणाले.

शेतकऱ्याने मान डोलावली, जणू यात विशेष काहीच नव्हतं. पॉपनी ग्लेंडाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला तिने कर्टिस गेल्यापासून पाहिला नव्हता.

"आठवत नाही मला," ते पुन्हा म्हणाले, या वेळी जवळजवळ हसत, "माझ्या सुनेला विचारा."